वाचकांचे प्रश्न : चिकटलेल्या वस्तूंचा हिशेब

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत. दोन वस्तू एकमेकींवर आदळून चिकटल्या, तर त्यांचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) आणि ऊर्जा कशी काढायची, असा त्यांचा सूर आहे. त्यामुळे हे सदर या अंकापुरते त्या एकाच विषयाला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रलेखकांची नावे वगळली आहेत. वेगळे काही सांगितले नसेल तेथे वस्तुमान किलोग्रॅममध्ये, वेग मीटर प्रति सेकंदात आणि ऊर्जा ज्यूलमध्ये आहे, असे समजावे.

प्रश्न : २ किलोग्रॅमची एक ट्रॉली ६ मीटर प्रति सेकंद वेगाने येऊन स्थिर उभ्या असलेल्या १ किलोग्रॅमच्या ट्रॉलीवर आदळते आणि दोन्ही चिकटून पुढे जातात. उत्तरसूचीत त्यांचा वेग ४ दिला आहे. मी ऊर्जा अक्षय्यतेचा नियम लावला, तर ४.९ येतो. ऊर्जेचा नियम सगळीकडे लागू असतो ना? मग माझे उत्तर चुकले कोठे?

उत्तर : आपले गुणाकार-भागाकार बरोबर आहेत. टकरीपूर्वीची गतिज ऊर्जा, म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग याच्या निम्मी, ०.५ × २ × ३६ म्हणजे ३६ ज्यूल. तीच ऊर्जा ३ किलोग्रॅमच्या जोडीला दिली, तर वेगाचा वर्ग २४ येतो आणि वेग ४.९. चूक आहे ती नियमाच्या वापरात. अक्षय्य राहते ती सर्व प्रकारची मिळून एकूण ऊर्जा. त्यातला गतिज ऊर्जेचा वाटा तेवढाच राहील, असे तो नियम कोठेही म्हणत नाही. आपण तो वाटा न बदलणारा धरलात. संवेगाला मात्र असे प्रकार नसतात. उष्णतेत किंवा चेपण्यात रूपांतर होऊन संवेग कमी झाला, अशी सोयच निसर्गाने ठेवलेली नाही. म्हणून टकरीपूर्वीचा १२ हा संवेग (२ × ६) टकरीनंतरही १२ राहतो आणि ३ किलोग्रॅमला भागल्यावर वेग ४ येतो. उत्तरसूची बरोबर आहे.

एवढ्यावर थांबणे बरे वाटत नाही, कारण बहुतेक विद्यार्थी हे उत्तर पाठ करतात आणि पुढच्या गणितात पुन्हा तीच चूक करतात. म्हणून टक्कर जरा जवळून पाहू. समजा, दोन ट्रॉलींच्या मध्ये मळलेल्या मातीचा एक हलका गोळा लावलेला आहे आणि तो चेपला जात असताना दोन्ही ट्रॉलींवर ४०० न्यूटनचे सारखे बल लागते. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार हे बल पहिलीला मागे आणि दुसरीला तितकेच पुढे ढकलते. पहिलीचा वेग ६ वरून ४ वर येण्यास आणि दुसरीचा शून्यावरून ४ वर जाण्यास सारखाच वेळ लागतो, तो म्हणजे एका सेकंदाचा शंभरावा भाग. बल सारखे, वेळही सारखा. म्हणून ४०० × ०.०१ = ४ एवढा संवेग पहिलीने गमावला आणि नेमका तेवढाच दुसरीला मिळाला. संवेगाचे खाते येथे मिटले.

ऊर्जेच्या खात्यात मात्र वेळ मोजत नाहीत, तेथे अंतर मोजतात. त्या शंभराव्या सेकंदात पहिली ट्रॉली सरासरी ५ च्या वेगाने ५ सेंटिमीटर पुढे गेली. दुसरी सरासरी २ च्या वेगाने फक्त २ सेंटिमीटर गेली. म्हणजे पहिलीने ४०० × ०.०५ = २० ज्यूल गमावले आणि दुसरीच्या पदरात ४०० × ०.०२ = ८ ज्यूलच पडले. राहिलेले १२ ज्यूल कोठे गेले हे विचारण्याची गरजच उरत नाही, कारण दोन अंतरांमधला ३ सेंटिमीटरचा फरक म्हणजेच मातीचा गोळा जितका चेपला ते अंतर. ४०० न्यूटनच्या बलाने माती ३ सेंटिमीटर चेपायला १२ ज्यूलच लागतात. टकरीनंतरची गतिज ऊर्जा ०.५ × ३ × १६ = २४ ज्यूल आहे, म्हणजे ३६ मधून १२ वजा जाता जे उरते तेच.

आता माती अधिक घट्ट घेतली आणि बल १२०० न्यूटन झाले, तर काय होईल? चेपण्याचे अंतर १ सेंटिमीटर होईल आणि गुणाकार पुन्हा १२ ज्यूलच येईल. माती कशी आहे, टक्कर किती वेळ चालली, मध्ये माती होती की चिकटपट्टी, यांपैकी काहीही न विचारता १२ हा आकडा आधीच ठरलेला असतो. मला स्वतःला या प्रकारच्या गणितातली ही सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. म्हणूनच गणिताचा क्रम पक्का ठेवावा. आधी संवेगावरून वेग काढावा आणि त्यानंतरच ऊर्जेकडे वळावे. उलट क्रमाने गेल्यास, ज्या १२ ज्यूलांचा पत्ता अजून लागलेला नाही ते गणितात गृहीत धरावे लागतात.

प्रश्न : हे १२ ज्यूल उष्णतेत गेले असतील, तर टकरीनंतर हात लावून ते जाणवतील का? आणि हीच टक्कर धावत्या गाडीतून पाहणाऱ्याला सगळे वेग वेगळे दिसतात. त्याच्या हिशेबाने उष्णताही वेगळी येईल का?

उत्तर : हाताला काहीही जाणवणार नाही. शिशाचे तापमान एका अंशाने वाढवायला दर किलोग्रॅममागे सुमारे १३० ज्यूल लागतात. दोन्ही ट्रॉली संपूर्ण शिशाच्या असत्या आणि सर्वच्या सर्व १२ ज्यूल त्यांत जिरले असते, तरी तापमान ०.०३ अंशाने वाढले असते. आवाजात जाणारा वाटा तर त्याहून कितीतरी लहान असतो. कानाला मोठा वाटणारा आवाजही अत्यल्प ऊर्जेत निर्माण होतो.

दुसरा प्रश्न अधिक खोल आहे. ट्रॉलींच्याच दिशेने ४ च्या वेगाने जाणारा एक निरीक्षक घेऊ. त्याला पहिली ट्रॉली २ च्या वेगाने पुढे आणि दुसरी ४ च्या वेगाने मागे येताना दिसते. त्याच्या दृष्टीने टकरीपूर्वीची ऊर्जा ४ आणि ८ मिळून १२ ज्यूल आहे. टकरीनंतर चिकटलेली जोडी त्याच्यासमोर स्थिर उभी आहे, म्हणजे ऊर्जा शून्य. घट : १२ ज्यूल. आता ६ च्या वेगाने जाणारा निरीक्षक घ्या. त्याला पहिली ट्रॉली स्थिर दिसते, दुसरी ६ च्या वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा १८ ज्यूल भरते. टकरीनंतर ३ किलोग्रॅमची जोडी २ च्या वेगाने मागे जाते, तिची ऊर्जा ६ ज्यूल. घट पुन्हा १२. प्रत्येक निरीक्षकाची सुरुवातीची आणि शेवटची शिल्लक वेगळी असली, तरी खर्च एकच आहे. असे व्हायलाच हवे होते, कारण माती किती चेपली आणि किती तापली याबद्दल दोन निरीक्षकांचे मतभेद होऊ शकत नाहीत.

यावरून एक सुटसुटीत सूत्र मिळते. दोन वस्तुमानांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागावे, आलेल्या संख्येला परस्पर वेगाच्या वर्गाने गुणावे आणि निम्मे करावे. येथे २ ला ३ ने भागून ०.६६७, त्याला ३६ ने गुणून २४ आणि निम्मे केले की १२. यात केवळ परस्पर वेग येतो, म्हणून निरीक्षक कोणीही असला तरी उत्तर बदलत नाही. अंतिम वेग न काढताही घट मिळते, त्यामुळे उत्तर पडताळून पाहायला हे सूत्र फार उपयोगी पडते.

प्रश्न : समोरासमोर येणाऱ्या दोन वस्तू चिकटून जागच्या जागी थांबल्या, तर त्यांचा संवेग नष्ट झाला असे म्हणावे का?

उत्तर : म्हणू नये, कारण तो मुळात शून्यच होता. ३ किलोग्रॅमची वस्तू ४ च्या वेगाने उजवीकडे आणि २ किलोग्रॅमची ६ च्या वेगाने डावीकडे येत असेल, तर संवेग अनुक्रमे +१२ आणि −१२ आहेत. संवेग ही सदिश राशी आहे, त्यामुळे त्यांची बेरीज आधीही शून्य आणि नंतरही शून्य. ऊर्जेला दिशा नसते. २४ आणि ३६ मिळून ६० ज्यूल होते आणि ते सगळेच्या सगळे खर्च झाले.

दिशेचा हा मुद्दा आज किरकोळ वाटतो, पण तो मोठमोठ्यांनाही अडला होता. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने १६४४ च्या ग्रंथात विश्वातील 'गतीचे एकूण परिमाण' कायम राहते असे मांडले, मात्र त्यात त्याने आकारमानाला केवळ चालीने गुणले, दिशा धरलीच नाही. त्यामुळे टकरींविषयीचे त्याचे बरेचसे नियम प्रत्यक्षाशी जुळत नाहीत. १६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने या विषयावर विचारणा केली, तेव्हा जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स या तिघांनी उत्तरे पाठविली. रेन आणि हायगेन्स यांनी उसळून परतणाऱ्या वस्तूंचा विचार केला. चिकटून राहणाऱ्या वस्तूंचा नियम दिशेच्या चिन्हासह मांडला तो वॉलिसने. आपण आज शाळेत जे गणित सोडवतो, ते त्याचेच म्हणावे लागेल.

प्रश्न : मातीचा गोळा भिंतीवर फेकला, तो तेथेच चिकटला. येथे संवेग शून्य नव्हता, नंतर मात्र शून्य झाला. आता काय म्हणाल?

उत्तर : येथे दुसरी वस्तू कोणती, हे आधी ठरवले पाहिजे. भिंत पायासकट जमिनीत रुतलेली आहे, म्हणजे गोळा प्रत्यक्षात पृथ्वीला चिकटला. अर्धा किलोग्रॅमचा गोळा १० च्या वेगाने आला, तर त्याचा संवेग ५ होता. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १० चा २४ वा घात इतके किलोग्रॅम आहे. ५ ला त्याने भागले की पृथ्वीला मिळालेला वेग येतो. दशांश चिन्हानंतर चोवीस शून्ये लिहून मग ८ लिहावा, इतका तो लहान आहे. कोणत्याही उपकरणाने तो मोजता येणार नाही, पण हिशेबात तो हवाच. (गोळा फेकणाऱ्याच्या पायांनी फेकताना पृथ्वीला तितकेच मागे रेटलेले असते, ही बाब येथे बाजूला ठेवली आहे.)

याच उदाहरणात संवेग आणि ऊर्जा यांच्यातला फरक सर्वांत ठळक दिसतो. गोळ्याचा संवेग संपूर्णपणे पृथ्वीकडे गेला, पण त्याच्या २५ ज्यूल ऊर्जेतून पृथ्वीच्या गतीकडे जवळजवळ काहीच गेले नाही. संवेग दिलेला असताना गतिज ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट. वस्तुमान जितके अफाट तितकी ऊर्जा नगण्य. ते २५ ज्यूल गोळा चपटा होण्यातच संपले.

चपट्या झालेल्या मातीवरून एक जुना वाद मिटायला मदत झाली, हेही येथे सांगायला हवे. गतीचे खरे माप वस्तुमान गुणिले वेग हे, की वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग हे, यावर देकार्तचे अनुयायी आणि जर्मन तत्त्वज्ञ लाइबनिझचे अनुयायी १६८६ पासून अनेक दशके भांडत होते. डच शास्त्रज्ञ विलेम स ग्राव्हेसांडे याने १७२० च्या दशकात पितळी गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकले. दुप्पट वेगाने पडणाऱ्या गोळ्याने चौपट माती विस्थापित केली. १७४० मध्ये एमिली द्यू शातले हिने आपल्या ग्रंथात या प्रयोगाचा आधार घेऊन लाइबनिझची बाजू मांडली. आजच्या भाषेत सांगायचे, तर खड्डा ऊर्जा मोजत होता आणि पृथ्वीला बसलेला धक्का संवेग मोजत होता. दोन्ही पक्ष वेगवेगळ्या राशींबद्दल बोलत होते आणि आपापल्या जागी दोघांचेही म्हणणे खरे होते.

प्रश्न : दोरीला टांगलेल्या लाकडी ठोकळ्यात बंदुकीची गोळी घुसते आणि ठोकळा काही उंचीपर्यंत झुलतो. या गणितात एकदा संवेग आणि एकदा ऊर्जा का वापरतात? थेट ऊर्जेने सुटत नाही का?

उत्तर : थेट ऊर्जेने ते सोडवून पाहू म्हणजे काय होते ते कळेल. गोळी १० ग्रॅमची, ठोकळा १.९९ किलोग्रॅमचा, दोन्ही मिळून बरोबर २ किलोग्रॅम, आणि ते ५ सेंटिमीटर उंच गेले असे धरू. उंचीमुळे मिळालेली स्थितिज ऊर्जा २ × ९.८ × ०.०५ = ०.९८ ज्यूल. ही सगळी गोळीचीच होती असे मानले, तर गोळीचा वेग १४ मीटर प्रति सेकंद येतो. जोरात फेकलेला दगड याहून वेगाने जातो. अशी गोळी लाकडात घुसण्याऐवजी त्यावर आपटून खाली पडली असती. उत्तर असे हास्यास्पद आले की पायरी कोठे चुकली ते शोधावे, ही सवय फार मोलाची आहे.

येथे घटना एक नसून दोन आहेत. पहिल्या घटनेत गोळी ठोकळ्यात रुतते. ती एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकते, तेवढ्यात ठोकळा जागचा जेमतेम हलतो, दोरी सरळ उभीच असते आणि आडव्या दिशेने बाहेरचे बल लागत नाही. म्हणून येथे आडवा संवेग अक्षय्य राहतो, पण गतिज ऊर्जा राहत नाही. दुसरी घटना झोक्याची. त्यात दोरीचे बल नेहमी गतीला काटकोनात असल्यामुळे ते कार्य करत नाही, त्यामुळे यांत्रिक ऊर्जा अक्षय्य राहते. मात्र दोरी आणि गुरुत्व दोन्ही बाहेरची बले असल्याने जोडीचा संवेग क्षणाक्षणाला बदलत जातो. थोडक्यात, पहिल्या पायरीत जे चालते ते दुसरीत चालत नाही आणि दुसरीत जे चालते ते पहिलीत चालत नाही.

शेवटाकडून मागे या. ५ सेंटिमीटर उंचीसाठी तळाशी वेग ०.९९ हवा. २ किलोग्रॅमचा संवेग १.९८ झाला, तो एकट्या गोळीचा होता, म्हणून ०.०१ ने भागून वेग १९८ मीटर प्रति सेकंद. तिची ऊर्जा १९६ ज्यूल होती, त्यातले एक ज्यूलसुद्धा झोक्यात उतरले नाही. उरलेले सुमारे १९५ ज्यूल लाकूड फाडण्यात आणि तापवण्यात गेले. गोळी ५ सेंटिमीटर आत रुतली असेल, तर लाकडाने तिला सरासरी ३९०० न्यूटन बलाने अडवले असे निघते. पहिल्या उत्तरातला चेपण्याचा हिशेब तो हाच. स्थिर वस्तूत रुतणाऱ्या गोळीची जेवढी ऊर्जा गतीत टिकते, तो अंश म्हणजे गोळीचे वस्तुमान भागिले एकूण वस्तुमान. येथे तो दोनशेत एक, म्हणजे अर्धा टक्का आहे.

या दोलकाची कल्पना बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर गोळीचा वेग मोजायला भरवशाचे साधन नव्हते. त्याच्या मोजमापांतून वेगवान गोळीला होणारा हवेचा रोध तोपर्यंतच्या समजापेक्षा कितीतरी अधिक असल्याचे दिसून आले.

प्रश्न : चौकात दोन मोटारी काटकोनात धडकून एकमेकींत अडकल्या, तर? शिवाय तेथे रस्त्याचे घर्षण असते, ते कसे सोडून देता येते?

उत्तर : दिशा दोन असल्या की हिशेबही दोन करावेत. १२०० किलोग्रॅमची मोटार १५ च्या वेगाने पूर्वेकडे आणि १८०० किलोग्रॅमची १० च्या वेगाने उत्तरेकडे जात असेल, तर दोन्ही दिशांना १८,००० एवढा संवेग आहे. एकत्र ३००० किलोग्रॅमला प्रत्येक दिशेत ६ चा वेग मिळतो, म्हणजे ईशान्येला सुमारे ८.५. ऊर्जा आधी २,२५,००० ज्यूल होती, नंतर १,०८,००० राहिली. १,१७,००० ज्यूल पत्रे वाकवण्यात गेले. वरच्या सूत्राने पडताळायचे असेल, तर काटकोनामुळे परस्पर वेगाचा वर्ग २२५ + १०० = ३२५ धरावा; उत्तर तेच येते.

घर्षण सोडून देतो ते ते नसते म्हणून नव्हे, तर वेळ कमी असतो म्हणून. चारही चाके घसरत असली, तर ३००० किलोग्रॅमवर कोरड्या रस्त्याचे घर्षण साधारण २०,००० न्यूटन असते. टक्कर एका सेकंदाचा दहावा भाग चालली, तर घर्षणाने बदलणारा संवेग सुमारे २००० होईल आणि एकूण संवेग २५,००० च्या वर आहे. म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपासची चूक. ती चालेल की नाही हे आपल्याला किती अचूकता हवी त्यावर ठरवावे. टकरीनंतर मोटारी घसरत थांबतात, तेव्हा मात्र घर्षण हेच मुख्य असते आणि अपघाताचा तपास करणारे घसरणीच्या खुणांच्या लांबीवरून टकरीनंतरचा वेग आणि त्यावरून संवेगाच्या मार्गाने आधीचे वेग काढतात.

प्रश्न : गुळगुळीत बर्फावर पडलेल्या दांड्याच्या टोकाला मातीचा गोळा येऊन चिकटला, तर दांडा फिरू लागतो. मग पुढे जाण्याचा वेग कमी होतो का?

उत्तर : अजिबात होत नाही आणि येथेच अनेकजण फसतात. १ किलोग्रॅमचा गोळा ४ च्या वेगाने १ किलोग्रॅमच्या स्थिर दांड्यावर काटकोनात आदळला, तर तो मध्यावर चिकटो की टोकाला, दोघांच्या सामाईक वस्तुमान केंद्राचा वेग २ च असतो. सरळ रेषेतला संवेग कोठे धक्का बसला हे विचारत नाही. धक्का कोठे बसला ते विचारतो तो कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याच्या गतीचा संवेग, आणि त्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो.

मध्यावर आदळल्यास सुरुवातीच्या ८ ज्यूलपैकी ४ उरतात. टोकाला आदळल्यास पुढे जाण्याचे तेच ४ ज्यूल अधिक फिरण्याचे २.४ ज्यूल, असे ६.४ ज्यूल उरतात आणि केवळ १.६ ज्यूल वाया जातात. कारण उघड आहे : टोक ढकलले की ते सहज मागे सरकते, त्यामुळे गोळ्याला चेपून घेण्याची वेळ कमी येते. आधी दिलेले सुटसुटीत सूत्र अशा ठिकाणी लागू पडत नाही, हे ध्यानात ठेवावे. ते वस्तू टकरीनंतर फिरत नसतील तेव्हाचेच आहे.

प्रश्न : 'डार्ट' यान लघुग्रहावर आदळवले, ती चिकटणारी टक्कर मानायची का?

उत्तर : पहिल्या अंदाजापुरती मानावी आणि मग ती कोठे अपुरी पडते ते पाहावे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे सुमारे ५८० किलोग्रॅमचे हे यान डायमॉर्फोस या लहान चंद्रावर सेकंदाला ६.१ किलोमीटर वेगाने आदळले. डायमॉर्फोसचे वस्तुमान सुमारे ४.३ अब्ज किलोग्रॅम धरले जाते. यान नुसते रुतून बसले असते, तर ५८० × ६१०० भागिले ४.३ अब्ज, म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८ मिलिमीटर एवढाच बदल त्याच्या वेगात झाला असता. निरीक्षणांवरून तो सुमारे २.७ मिलिमीटर निघाला, म्हणजे तिपटीहून अधिक. डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवतीचा त्याचा फेरा ११ तास ५५ मिनिटांवरून ११ तास २३ मिनिटांवर आला.

हा जादा संवेग कोठून आला याचे उत्तर गमावलेल्या ऊर्जेत आहे. यानाची गतिज ऊर्जा सुमारे ११ अब्ज ज्यूल होती आणि चिकटण्याच्या हिशेबाने ती जवळजवळ सगळीच डायमॉर्फोसच्या गतीऐवजी खडक फोडण्यात गेली असती. प्रत्यक्षात तिच्यातला काही भाग धूळ आणि दगड यान आले त्या दिशेने परत उडवण्यात गेला. मागे उडालेल्या प्रत्येक दगडाने डायमॉर्फोसला पुढे ढकलले. एकूण संवेग होता तेवढाच राहिला, पण उडालेल्या मालाचा उलट दिशेचा संवेग जमेस धरल्यावर डायमॉर्फोसच्या वाट्याला यानाच्या संवेगाहून अधिक आला. चिकटण्याच्या सूत्राने येथे किमान मर्यादा मिळते. माल उलट दिशेने उडेल तेवढा धक्का वाढतच जातो.

या भागाकारातला ४.३ अब्ज हा आकडा डायमॉर्फोसच्या आकारमानावरून आणि गृहीत घनतेवरून काढलेला आहे. ते वस्तुमान जवळ जाऊन मोजण्यासाठी युरोपीय अवकाश संस्थेचे 'हेरा' यान ऑक्टोबर २०२४ मध्ये डिडिमॉसच्या दिशेने रवाना झाले आहे.